शिबिराची परवानगी

खोपटच्या डेपोत माझ्यापुढे एनसीसीच्या गणवेशातली शाळकरी मुलगी आणि तिचे आजोबा एसटीसाठी उभे होते.

"समीक्षा, एनसीसी केली की एनडीएत थेट घेतात ना गं?"

"नाय आबा. लेखी परीक्षा द्यावीच लागते. मुलाखतीत उपयोग होतो."

"मग उन्हात कवायत कशाला?"

"आधी चारचौघांत माझा आवाज फुटायचा नाय. आज अख्ख्या पलटणीला हुकूम दिला मी."

"ऐकला त्यांनी?"

"सगळ्यांनी. पण पप्पा शिबिराला नको बोलतायत. तुम्ही सांगा ना."

"माझं कुठे ऐकतो तो? तूच सांग, त्याच आवाजात."

तिने फोन लावला.

"पप्पा, मी शिबिराला जाणार."

रांगेतले सगळे वळून बघायला लागले.

"काय बोलला?"

"किती वाजता सोडायला येऊ, विचारतायत."