टिकणारं चाक

— नाही नाही, ते खाली ठेवा, ते तुमच्यासाठी नाही. अहो चोयजिल, आधी बसा तरी. थर्मास तुमच्या उजव्या हाताला आहे, वाटी धुतलेली आहे, चहा ओता आणि मग चाकांकडे बघा. आल्या आल्या माणूस कधी काम सांगतो का? तुम्ही तर चहा संपला तरी सांगत नाही म्हणा, मलाच मोटारसायकलकडे बघून ओळखावं लागतं, आज पुढचं चाक गेलंय की मागचं. आज पुढचं. दिसलं मला खिडकीतून — डुगडुगत येत होतात, बदक येतं तसं. खिडकी कसली, पत्र्याला पाडलेलं भोक आहे, पण दिसतं त्यातून सगळं. तर आज चाक मी निवडणार, तुम्ही फक्त मान हलवायची. कारण माझ्या हातून तुम्हाला जाणारं हे शेवटचं चाक — सांगितलं ना मागच्या वेळी? नव्हतं सांगितलं? मग आता सांगते. पहिला बर्फ पडायच्या आत माझा भाऊ शागदर ट्रक घेऊन येतोय. जिल्ह्याच्या गावी नेतोय मला, त्याच्या घरी, त्याची पोरं सांभाळायला. हा कंटेनर आहे तसा विकायचा, आतल्या नट-बोल्टांसकट. म्हणतो, ताई, त्या माळावर लोखंडाच्या डब्यात एकटी बसून करतेस काय, चाकं फिरवतेस? मी म्हटलं, हो, चाकंच फिरवते. तो हसला. मला काही फारसं हसू आलं नाही.

म्हणून म्हणते, आता टिकणारं घ्या. मी गेल्यावर इथं पेट्रोल मिळेल, ट्यूब मिळेल, समोरच्या दुलमाच्या खाणावळीत मेणबत्त्यासुद्धा मिळतील, पण तारा ओढून चाक सरळ करणारं कुणी उरत नाही. मग वाकलं चाक घेऊन दोन डोंगर ओलांडायचे, ती नदी ओलांडायची, आणि वाकल्या चाकानं नदीत उतरतं कोण — तुम्ही उतराल, तुमचं काही सांगता येत नाही. चहा घ्या ना, नीट खारट नाही झाला का, मीठ कमी पडलंय? मला हल्ली मिठाचा अंदाज राहत नाही. एकटीसाठी करायचा तर मी पाणीच उकळून पिते, म्हणून.

तर हे चकचकीत, आत्ता हातात घेतलं होतंत ते — ओतीव, पाच पाकळ्यांचं, तारा नाहीत, काही नाही. दिसायला काय सुरेख आहे, गावातली सगळी तरणी पोरं आत आली की आधी त्यालाच कुरवाळतात. पण ते सपाट डांबरी रस्त्याचं चाक. आणि आपल्याकडे रस्ता म्हणजे काय, तर पुढचा गाडीवाला जिकडून गेला तो. बिळावर आदळलं की हे वाकत नाही, तडकतं. वाकलेलं मी सरळ करीन, तडकलेल्याचं काय करू, डिंक लावू? मला कसं माहीत म्हणाल — नका म्हणू, सगळ्या गावाला माहीत आहे, तुम्ही त्या साली लांबच्या कुरणावर होतात म्हणून तुमचं बघायचं राहिलं. असलंच एक मीच बसवलं होतं हो, माझ्या गाडीला. कशासाठी? मिरवायला, दुसरं कशाला. नादामचा सण, नवा निळा देल शिवलेला, पायघोळ अंगरखा — या वयात, निळा — आणि शर्यतीच्या घोड्यांमागून सगळे मोटारसायकली पिटाळतात ना आरोळ्या ठोकत, तशी मीही निघाले. वाटेत तार्वागाचं बीळ. मेला तो जाडा उंदीर, बरोबर वाटेच्या मधोमध घर करतो. चाकाचे तुकडे झाले, गाडी तिथंच राहिली, मी पुढे, आणि माझी टोपी माझ्याही पुढे. जाऊन पडले कुठं, तर म्हातारेमंडळी बसली होती त्या मांडवात, त्यांच्या पायाशी. एकानं हात देऊन उठवलं नाही. पाहुणी आली म्हणून घोडीच्या आंबट दुधाची वाटी पुढे केली, आणि मीही ती पडल्या पडल्या प्यायले, नाही कसं म्हणणार? पण खरी फजिती पुढेच. दोन वर्षांच्या शिंगरांच्या शर्यतीत जे सगळ्यात शेवटी येतं त्याला समजुतीचं गाणं म्हणतात की नाही — तुझा दोष नाही, वाट वाईट होती, स्वार कच्चा होता, पुढच्या साली तूच पहिलं येशील — ते गाणं गवयानं माझ्याकडे तोंड करून म्हटलं. भोंग्यावरून. अख्खं गाव टोप्या काढून ऐकत होतं. माझा नवरा लुंदेग वारून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तो गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा पोट धरून हसले, आणि मग घरी येऊन तेवढीच रडले, ते जाऊ द्या.

हां, आणि हे काळं, लोखंडी. याची ओळख मी तुम्हाला काय करून देणार, आजवर हेच नेत आलात. जड आहे. दगड आला की धपकन आपटतं, दणका खांद्यापर्यंत येतो. वाळूत रुततं. याचा एक गुण आहे, माल विकते म्हणून खोटं बोलणार नाही — जीव घेत नाही कुणाचा. वाकतं, तारा ढिल्या पडतात, लटपटतं, पण घरापर्यंत आणून सोडतं. उशीर करतं इतकंच. लोकर कातरून होईपर्यंत एकदा वाकणार, गवत कापून होईपर्यंत पुन्हा एकदा. आणि एक विचारू? राग नका मानू. तुमचा सगळा जन्म या माळावर गेला, डोळे मिटूनसुद्धा मेंढ्या वळवाल, मग त्याच एका बिळात दर वेळी तुमचंच चाक कसं जातं? माझी एक घोडी होती, एका डोळ्यानं आंधळी, तीसुद्धा एकदा अडखळलेली जागा विसरायची नाही. हसू नका, वाटी सांडेल. हसताय ना? का खोकला आहे?

बरं, आता हे बघा, हे. उचला — नाही, एका हातानं उचला. उचललं? बघा. रिम पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियमची, पण कड दुहेरी, दगडाचा मार खाणारी. तारा साध्या नाहीत, मधल्या हबपाशी वाकतात तिथं जाड आहेत, कारण तार तुटते ती तिथंच तुटते. हलक्या चाकाचं काय असतं सांगू — जड चाक दगडाशी भांडत बसतं, हलकं चाक वर उचललं जातं आणि पुढे निघून जातं. पुढचं हलकं झालं की गाडी वाळूत नाक खुपसत नाही, मागे मेंढरू बांधलेलं असलं तरी हॅन्डल हाताशी राहतं. आणि तारांचं असल्यामुळं थोडंफार हललं तरी तुम्ही घरी चावीनं ओढू शकता. थांबा, स्टँडवर चढवते. हा खडू रिमच्या जवळ धरला, वाकडं असेल तिथं लागेल, आता फिरवते — बघा, लागला कुठं? नाही लागला. आणि आता ऐका, ही तार वाजवते, आणि ही, आणि ही. सगळ्यांचा आवाज एक. असं चाक मी या डब्यात दुसरं लावलेलं नाही. सरहद्दीवरच्या व्यापाऱ्याकडून रिम मागवली, तारा वेगळ्या मागवल्या, मागच्या आठवड्यात बसून विणलं. तुमच्यासाठी नाही हो. दुकानात एखादं चांगलं असावं म्हणून. आता त्याचा हब नेमका तुमच्याच गाडीचा निघाला, त्याला मी काय करू.

काय म्हणता? नाही, तुम्ही काही म्हणाला नाहीत, मलाच वाटलं. तुम्ही कधी काही म्हटलंय? पहिल्यांदा आलात तेव्हा टायरमध्ये हवेच्या जागी गवत कोंबून आला होतात, आठवतं? ट्यूब फाटली, म्हणून गवत. आणि गाडी बाहेर लावलीत तर दुलमाच्या बकऱ्यांनी चिरलेल्या टायरमधून ते ओढून ओढून खाल्लं, आपण बाहेर येऊन बघतो तो टायर सपाट आणि बकरी रवंथ करतेय. तुम्ही काय केलंत? टोपी काढलीत, बकरीकडे बघितलंत, पुन्हा टोपी घातलीत. जाताना आरूलची पिशवी ठेवून गेलात, घरी उरलं म्हणून. दर वेळी तुमच्या घरी आरूल उरतंच कसं देव जाणे, एकट्या माणसाच्या घरी. माझे दात आता ते वाळलेल्या दह्याचे खडे फोडायच्या लायकीचे राहिलेले नाहीत, खरं सांगते, एकही खाल्लेला नाही. त्या मागच्या फळीवर सगळ्या पिशव्या — त्या नाही, ते वॉशर आहेत, त्यांच्या मागे. टाकवत नाहीत. म्हणजे अन्न कसं टाकायचं, म्हणून.

आणि दुलमा मेली बघत असते समोरून. मला विचारते, यांजमा, आज चोयजिलचा वार आहे का, सकाळपासून दार पुसतेयस ते? मी म्हटलं, वार कसला, दाराला धूळ बसते. आता धूळ तर बसतेच ना इथं. पण ती चावट, तिनं ओळखलं, की तुमच्या गाडीचा आवाज टेकडीपलीकडून आला की माझ्या शेगडीतून धूर निघतो. त्यात काय आहे, मेकॅनिक आहे मी, इंजिन कानानं ओळखते. सगळ्यांचीच ओळखते. सगळ्यांसाठी चहा करत नाही, ते खरं आहे. मागच्या महिन्यात तुम्ही आला नाहीत — चाक टिकलं, बरंच झालं की, गिऱ्हाइकाचं चाक टिकलं तर मेकॅनिकनं खूश व्हावं — तर मी बसून सगळे बोल्ट मापानं लावले, मग ओतून टाकले, मग पुन्हा लावले. तेव्हाच शागदरचा फोन आला आणि मी हो म्हणून बसले. हे मी तुम्हाला का सांगतेय?

चाकाचं बोलत होते. तर हे पांढरं. त्यात खोड नाही असं नाही हां, विकताना दोन्ही बाजू सांगाव्यात. थंडीत अ‍ॅल्युमिनियमला हात चिकटतो. नदीतल्या गाळानं तारा आवळायचे निपल आखडतात. ओरखडा आला की वाईट दिसतं. शिवाय कधी वाकलंच तर इथं जवळपास — काय बोलतेय मी. नाही वाकणार. माझ्या हातचं आहे, खडू लागला नाही तुमच्यासमोर. हे बसवलंत की तुमचे केस पांढरे होईपर्यंत कुठल्या दुकानाची पायरी चढायला नको. बिळात घाला नाहीतर कड्यावरून घाला, यायला नको. तेच पाहिजे ना माणसाला? खडबडीत वाटेवर राहणाऱ्याला दुसरं काय पाहिजे. असं चाक द्यायचं आणि आपण ट्रकमध्ये बसायचं, म्हणजे मागे कुणाचं अडलंय असं मनात यायला नको. मी फार हुशार बाई आहे, चोयजिल. स्वतःच्या हातानं विणलं ते. चला, उठा, बसवून देते.

कुठं निघालात? पैशांचं नंतर बघू, आधी — ते नाही. अहो, ते काळं आहे. ते कशाला ओढून काढलंत तिकडून, हे घ्या, हे पांढरं, एवढा वेळ मी घसा कोरडा केला तो काय त्यासाठी? ते लोखंडी आहे, जड आहे, सांगितलं ना, वाकेल ते. नदी गोठायच्या आत वाकेल, आणि तुम्ही डुगडुगत इथं याल, आणि इथं मी नसेन, मग कोण सरळ करणार ते? कोण करणार, बोला ना.

चोयजिल. मी काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही? ट्रक येणार आहे म्हणाले. शागदरचा.

ऐकलंत.

बरं. द्या इकडे. त्याच्या तारा तरी जरा ओढून देते, अगदीच ढिल्या — नाही, असं करा, तुम्ही बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहा. डोळ्यांत धूळ गेलीय, मला खडू कुठं लागतोय ते दिसत नाहीये नीट. जा ना. दुकान थोडा वेळ बंद आहे.