किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात

सभागृहाचे आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर सदस्य, समिती विभागातील बंधू-भगिनींनो, आणि आज ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते समितीचे सचिवसाहेब व वहिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेबांच्या समितीत साक्षीदाराला दहा मिळायची. तेव्हा सांभाळून घ्या.

मी इथली कोणी नाही. माझे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. ते लिफ्टखालच्या खड्ड्यात असताना त्यांच्या जोडीदाराने वर मेन स्विच चालू केला. त्याला वाटलं, काम संपलं. यजमान गेले, त्याला आता अकरा वर्षं झाली.

मी सातवी शिकलेली. वाचनालयातून कायद्याची पुस्तकं आणली, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली आणि चार पानी अर्ज लिहिला. आमच्या भागाच्या सदस्यबाईंनी त्यावरून विधेयक मांडलं. मला वाटलं, झाला कायदा! शेजारणींना चहासुद्धा पाजला. साहेब म्हणाले, "ताई, आत्ता कुठे उंबऱ्यात पाऊल पडलंय. अजून समिती, मग कलमवार चर्चा, मतदान, दुसरं सभागृह, शेवटी सही. आणि नऊ आठवड्यांनी सभागृहाची मुदत संपते. तोवर झालं नाही, तर विधेयक रद्द."

साहेबांची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. बैठकीआधी रिकाम्या खोलीत प्रत्येक कलम मोठ्याने वाचायचं आणि समोर असेल त्याला विचारायचं, "याने काय होईल?" शिपाईकाका यातून सुटले आहेत का कधी? त्या दिवशी समोर मी होते. पहिलंच कलम होतं, स्विच चालू करणाऱ्याला सात वर्षं कैद.

"याने काय होईल?"

"त्याला कळेल!"

"आणि पुढचा माणूस खड्ड्यातून वर येईल?"

मी चिडले. "तुमचं काय जातंय? माणूस माझा गेलाय!"

साहेबांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "ताई, ते खोडायचा अधिकार मला नाही. घरी जाऊन वाचा. मोठ्याने."

दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी सदस्यबाईंकडे गेले आणि म्हटलं, कैद काढा. त्याऐवजी लिहा, आत उतरणाऱ्याने वीज बंद करून स्विचला स्वतःचं कुलूप लावावं आणि किल्ली त्याच्याच खिशात राहावी.

तोवर एकही कारागीर साक्षीला येत नव्हता. स्वतःच्या गळ्यात फास कोण घालून घेईल? कलमात ही दुरुस्ती आली आणि पहिला आला तो यजमानांचा जोडीदार. म्हणाला, "स्विच मी चालू केला. कुलूप असतं तर माझा हात थांबला असता." दर कलमाला खोकणारे विरोधी बाकांवरचे आजोबासुद्धा खोकायचे थांबले. मुदतीला दोन दिवस असताना विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं. साक्ष देणारे ते भाऊजी आज मागच्या रांगेत बसलेत. उठू नका हो, बसा!

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत एक कारागीर कुलूप लावून, किल्ली खिशात घालून चक्क घरी जेवायला गेला. दोन तास लिफ्ट बंद. सहाव्या मजल्यावरच्या काकू जिना चढत धापा टाकत होत्या, "कोणत्या शहाण्याने केलाय हा कायदा?" मी त्यांची पिशवी घेतली आणि मागोमाग चढले. म्हणजे किल्ली खरंच खिशात राहते! त्या बोलण्याने मला किती बरं वाटलं, काय सांगू!

साहेब, तुमचे आणि सर्वांचे आभार. बोलण्यात काही वावगं आलं असेल तर पोटात घाला. काल हे भाषण घरी मोठ्याने वाचलं होतं, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. अर्थात, ऐकायला फक्त यजमानांचा फोटो होता.