सुटलेला दीर

खलनायक सुटला की तुम्ही चिडता, म्हणून गोदाक्काचं सांगतो.

लढाईच्या दिवसांत मी माधवनगरला गिरणीत होतो. आम्ही कामगारांनी नाटक बसवलं, त्यात खलनायक मी. भाऊ लढाईत मेल्यावर तो भावजयीला घराबाहेर काढतो आणि शेवटी तिच्याच घराच्या सोप्यात बसून पोटभर जेवतो. पडदा पडतो, शिक्षा काहीच नाही.

लोक भडकले. "धरा त्याला!" म्हणून ओरडले, मला शिव्या घातल्या. सगळे पांगले तरी आमच्या गिरणीत सुताच्या कांड्या भरणारी गोदाक्का बसूनच होती. मूळची कुंडल गावची, विधवा; खोलीत एकटी राहायची, कुणात मिसळायची नाही.

"महादू, त्याला फुडं काय झालं न्हाई व्हय रं?"

"न्हाई अक्का."

"माझ्या दिरालाबी न्हाई झालं. माझ्याच घरात ऱ्हातोय अजून. कुनाला सांगितलं की म्हनत्यात, भोगंल त्यो कवातरी." तिनं डोळे पुसले. "आज पैल्यांदा कुनीतरी खरं सांगितलं."

पुढच्या खेळाला लोकांच्या आग्रहापायी आम्ही शेवट बदलला. फौजदार येऊन मला बेड्या घालतो. टाळ्या थांबेनात. पण गोदाक्का उठून चालू लागलेली मला दिसली. पडदा पडताच मी तिच्यामागं धावलो.

"अक्का, आज धरला की त्याला!"

"व्हय रं. त्या बाईचं बरं झालं," ती म्हणाली. "आता मी परत एकलीच."