कागद पळत नाही

नाही, तारेला हात लावू नकोस. डेरेक, ऐकतोयस ना — तारेच्या अलीकडे माझं, पलीकडे ड्वेनचं, आणि विचारल्याशिवाय पलीकडे पाऊल टाकायचं नाही, मग तुझं हरिण जखमी असो नाहीतर सोन्याचं असो. विस्कॉन्सिनचा कायदाच आहे तसा, आणि कायदा नसता तरी — बस त्या ओंडक्यावर. लोटी, तूही बस. बघ कशी ओढतेय, वीतभर पायांची कुत्री, पण दोरी धरून माझा खांदा निखळायची वेळ आली. तिला कळतंय हरिण पुढं गेलंय. कुणाची जमीन कुणाची नाही हे तिला कळत नाही, सुखी आहे बिचारी. करते ना त्याला फोन. करते म्हटलं ना. जरा दम खाऊ दे, साठी उलटली माझी, सगळी दलदल तुडवत आलेय तिच्यामागं, बुटात पाणी गेलंय.

हे बघ. हे माझ्या हातमोज्यावर — दिसलं? हाडाची कपची. खांद्याची. आणि रक्त किती? चहाचा चमचा भरेल एवढं, तेही वरवरचं. म्हणजे तुझी गोळी खांद्याच्या हाडावर आपटली आणि तिथंच मातीच्या पणतीसारखी फुटली, आत गेलीच नाही. आत जायला हवी होती. फुफ्फुसात जायला हवी होती. नाही, नेम चुकला असं मी कुठं म्हणतेय? नेम झकास होता, सहाशे यार्डांवर कागदाला भोक पाडणारा माणूस तू, तुझ्या नेमाला कोण नावं ठेवणार? पण कागदाला खांदा नसतो रे. कागद पळत नाही. कागद अर्धमेला होऊन दलदलीत जाऊन पडत नाही.

टोकाला भोक आहे म्हणून गोळी आत उघडते — हेच म्हणणार होतास ना? अरे, ते भोक उघडायला नसतंच. तांब्याचं कवच मागून पुढं वळवत आणतात, शेपूट गुळगुळीत राहावी म्हणून, आणि टोकाशी उरतं ते भोक. सरळ उडण्यासाठीची गोळी ती. शिकारीची गोळी आत जाऊन आळंबीसारखी पसरते आणि तरी एकसंध राहते, तिचं कामच ते. तुझी ही मॅचची, नेमबाजीच्या स्पर्धेची गोळी म्हणजे — तिला कामच दिलेलं नाही ना आतलं. बरगड्यांतून गेली तर कधी विणायच्या सुईसारखी आरपार, हरिणाला पत्ताच नाही. हाडावर बसली तर कधी अशी भुगा. आणि कधी कधी, हो, कबूल करते, कधी कधी हरिण जागच्या जागी पडतं, आणि मग कुणी उंटावरचा शहाणा त्याचा व्हिडिओ टाकतो आणि तुझ्यासारखे पाहतात. न सापडलेल्या हरिणाचा व्हिडिओ कोण टाकणार? ते बघायला मला आणि लोटीला बोलावतात. डबीवर लिहिलेलं असतं, शिकारीसाठी नाही म्हणून. तुला वाचता येतं, माझ्या कर्स्टननं तपासूनच लग्न केलं असेल.

आणि मी शिकारीची काडतुसं ठेवली होती ना तुझ्यासाठी? स्वयंपाकघरात, कॉफीच्या डब्याशेजारी, वर तुझं नाव लिहून. या घरातला तुझा पहिला हंगाम म्हणून. ती डबी तिथंच आहे, सकाळी बघितली मी, सील फोडलेलं नाही. कागदावर भोकं दीड इंचात पसरतात म्हणून? अरे, हरिणाचं काळीज काय बटणाएवढं असतं? दीड इंच पुष्कळ झालं. कर्स्टनला सांगणार नाही मी, काळजी नको. पण मला खुश करायला मोठं हरिण पाडायचं होतं तर, जावईबापू, मी दिलेली डबी फोडली असतीस तरी मी खुश झाले असते.

करते रे फोन. आभाळ बघते आधी. भरून आलंय, अंधाराआधी बर्फ लागेल, आणि बर्फ दाट पडला की लोटीही काय करणार? मग कोल्हे शोधतील ते हरिण. जिवंत असतानाच शोधतील. मला ते माहितेय, मी बघितलंय. या तारेपलीकडंच बघितलंय.

माझ्या भावानं, ड्वेननं मारलेलं. हो, याच गोळीनं, म्हणूनच तर — तो तर नेमबाजी क्लबचा चॅम्पियन होता, भिंतभर मेडलं, आणि त्याचंही हेच, बारीक भोक योग्य जागी पाडलं की पुरे. आमचा बाप असली बडबड ऐकून घेणारा नव्हता, पण लाडका मुलगा, काय बोलणार. शिंगांना आठ टोकं असलेलं हरिण होतं, बाप खिडकीतून बघायचा त्याला, तेव्हा तो खुर्चीतून उठत नव्हता. ड्वेननं त्याच्यासाठी मारलं आणि ते गेलं पळून. मला फोन केला नाही त्यानं. बहिणीकडं माग काढणारी कुत्री, आणि हा तीन दिवस एकटा हिंडला, लाजेपायी. मला कळलं तेव्हा मी गेले, लोटीची आई होती तेव्हा, आणि आम्ही शोधलं. जे उरलं होतं ते. मग मी काय केलं ठाऊक आहे? शिंगं पोत्यात घातली, शुक्रवारी बारमध्ये गेले, तळलेल्या माशाच्या जेवणाला सगळं गाव जमतं तिथं, आणि ती त्याच्या ताटाशेजारी ठेवली. म्हटलं, घे, हेही टांग भिंतीवर.

लोक हसले. बरोबरच होतं माझं. आजही म्हणते, बरोबर होतं. शब्दन्‌शब्द बरोबर. तुला माहितेय त्यानं काय केलं? हातातला काटा खाली ठेवला, टोपी घातली आणि गेला. तेव्हापासून बोललेला नाही. बापाच्या मयतीला पलीकडच्या बाकावर बसला. तुमच्या लग्नात पुढं एक खुर्ची रिकामी होती, तू विचारलंस कुणाची म्हणून, आणि मी म्हटलं, चुकून जास्त मांडली — तर ती चुकून नव्हती. मागच्या वर्षी मचाणावरून पडला म्हणे, पाय मोडला, हे मला जनावरांच्या खाद्याच्या दुकानात गव्हाणीसारखं तोंड असलेल्या त्या विक्रेत्यानं सांगितलं. सख्ख्या भावाचा पाय मोडतो आणि मला परका माणूस सांगतो.

आणि आता त्याला फोन करून काय सांगू? माझ्या घरातल्यानं, माझ्या जमिनीवर, तुझ्याच त्या गोळीनं — आपलेच दात आपलेच ओठ. म्हणून बसलेय इथं, कळलं? दमले म्हणून नाही. दम कधीच खाऊन झाला. तू असा मान खाली घालून बसू नकोस, मला जास्तच राग येतो. दे तो फोन इकडं. नंबर शोधायला नको, पाठ आहे. आईच्या वेळचाच आहे, बदलला नाही त्यानं.

लागतोय. — ड्वेन? — मी. — मी, मार्लिस. — नाही. नाही रे, कुणी गेलेलं नाही. सगळे ठीक आहेत. — म्हटलं ना, कुणी मेलं नाही. — हरिण. तुझ्या तारेपलीकडं गेलंय, ओढ्याच्या अंगानं. माझ्या जावयानं मारलंय. — खांद्याला. — रक्त कमीच. — गप, लोटी. — काय? — गोळी कुठली म्हणजे? गोळीचं काय आता — — मॅचची. — हो. नीट ऐकलंस. मॅचची. — — हं. — हं. — बरं. — सांगते त्याला.

हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, बर्फ येतोय, पोराला पाठव, कुत्रीला पाठव, मी ओढ्यापाशी येतो. पोरगा आणि कुत्री. मला नको असं काही म्हणाला नाही तो. पण मला मोजता येतं.

ऊठ. घे ही दोरी. काय बघतोस, घे, लोटी काही चावणार नाही. आजवर कुणाच्या हातात दिलेली नाही मी, तेव्हा नीट ऐक. ओढायची नाही, ती नेईल तसं जायचं. ती थांबली की थांब. मागं फिरली तर तिला फिरू दे, तिला बोलू नकोस, माग सुटला तर तीच शोधते. हरिण जिवंत असेल तर शेवटची गोळी ड्वेनला झाडू दे, त्याची बंदूक असेल बरोबर, आणि तिच्यात शिकारीची गोळी असेल, पैज लावते. तो काही बोलला तर ऐकून घे. नाही बोलला तर तू बोलायला जाऊ नकोस, आमच्यात तसंच असतं. नाही, मी नाही येत. मी इथंच आहे, तारेच्या अलीकडे, ओंडका बरा आहे.

आणि डेरेक — चालताना लंगडतो का बघ. डावा पाय. मी रस्त्यावरून बघते कधी कधी, पण गाडीतून नीट कळत नाही. विचारू नकोस हं त्याला काही, नुसतं बघून ये. जा आता. आणि माझ्याकडं वळून बघू नकोस, तू बघितलंस तर लोटी पुढं जायची नाही.