मुद्दाम आत ठेवलेला डोळा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले डोळ्यांचे डॉक्टर, वहिनी, रुग्णालयातल्या सिस्टर आणि समोर बसलेली सगळी मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

आधीच्या वक्त्यांनी डॉक्टरांना देव म्हटलं. मला ते जमणार नाही. माझं त्यांच्याशी भांडण झालेलं आहे.

माझ्या मुलीचा उजवा डोळा बाहेर सरकायचा. लहानपणी ऑपरेशन झालं, डोळा जागेवर आला, आणि शाळा संपता संपता पुन्हा भिंतीकडे बघू लागला. तिचे वडील फोटोग्राफर. साऱ्या जगाचे फोटो समोरून काढायचे, लेकीचे मात्र बाजूने. दुसरं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांचा स्वतःचा आजार हाताबाहेर गेला होता. त्यांना तिचा एकच फोटो हवा होता, समोरून.

डॉक्टरांनी समजावलं, की बाहेरचा स्नायू सैल करू, आतला आवळू, पण डोळा मुद्दाम जरा नाकाकडे ठेवू. पुढे तो हळूहळू सरळ येतो. आत्ताच सरळ बसवला तर पुन्हा बाहेर पळायची भीती जास्त. काही आठवडे तिला सगळं दोन-दोन दिसेल.

"माझ्याकडे तेवढे आठवडे नाहीत, डॉक्टर," हे म्हणाले. "सरळच बसवा."

डॉक्टर म्हणाले, "डोळा तिचा आहे. तिला तो जन्मभर वापरायचाय."

मरणाच्या दारातल्या माणसाशी असं बोलतात का? मी तिथंच तोंड सोडलं. काय बोलले ते या सभेत सांगण्यासारखं नाही. सिस्टरना आठवतंय, त्या बघा मान खाली घालून बसल्यात.

पट्टी सुटली. डोळा आत. घरी येऊन लेक म्हणाली, दोन बाबा दिसतात. "बरं झालं," हे म्हणाले, "एक गेला तरी एक उरेल." ती हसली. मी भांडी घासायला उठले. कॅमेरा त्यांनी उशाशी ठेवला होता, पण उचलला नाही. डोळा येऊ दे सरळ, मग काढू, म्हणाले.

त्याआधीच ते गेले.

पुढे वाचनालयातून डोळ्यांवरचं मिळेल ते आणून मी वाचलं. डॉक्टरांची चूक सापडावी, एवढंच मनात होतं. सापडली नाही.

मुलीचा डोळा आज सरळ आहे. पुन्हा सरकणारच नाही, असं डॉक्टर अजूनही म्हणत नाहीत. खोटा दिलासा त्यांनी कुणालाच दिला नाही, आम्हालाही नाही. डॉक्टर, तुमचे मनापासून आभार. तुम्ही बरोबर होतात. राग मात्र गेलेला नाही. तो घेऊनच इथवर आले.

बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभेने पोटात घालावं.