आजोबा उपाशीपोटी

(रक्त तपासायची लॅब. बाकावर नात आणि आजोबा. आत-बाहेर करणारी, रक्त घेणारी ताई.)

नात : आजोबा, हात सोडू नका हं. मला भीती वाटते.

आजोबा : सोडतोय कुठे! डोळे मिटून घे. मुंगी चावल्यासारखं होतं, संपलं.

नात : तुम्ही कधी टोचून घेतलंय?

आजोबा : मला काय गरज? ठणठणीत माणूस मी.

ताई : चला, पुढचे कोण? आजोबा, या. बाही वर करा.

आजोबा : माझी नाही हो ताई, हिची तपासणी आहे.

ताई : चिठ्ठीवर वय एकाहत्तर लिहिलंय. ही काही एकाहत्तरची वाटत नाही.

आजोबा : काय गं? हा काय प्रकार?

नात : माझं मागच्या आठवड्यातच झालं. आज तुमची पाळी.

आजोबा : लबाडे! सोबतीला चला म्हणून गळा काढलास आणि—

ताई : सकाळपासून काही खाल्लंय का? उपाशीपोटी लागतं.

नात : काहीसुद्धा नाही! चहाची पूड मी दडवली होती. बिस्किटांचा डबा आजीच्या कपाटात, कुलपात.

आजोबा : म्हणजे गॅस संपला नव्हता?

नात : छे.

आजोबा : आणि आजी तर म्हणाली, दूध नासलं!

नात : ती आमच्या पार्टीत आहे.

आजोबा : घरातच फितुरी! मी चाललो.

ताई : घाबरलात का, आजोबा?

आजोबा : मी? अहो, जन्मभर शिंपीकाम केलं. सुयांमध्येच हयात गेली.

ताई : मग?

आजोबा : ती सुई दुसऱ्याच्या सदऱ्यात जायची.

नात : आजोबा, बसा ना. डॉक्टर काय म्हणाले, विसरलात? माझ्या रक्तात ट्रायग्लिसराइड्स फार झालीत. म्हणजे खाल्लेली चरबी रक्तातून निघून जायला पाहिजे, ती जातच नाही. आगाऊ पाहुण्यासारखी मुक्कामच ठोकते.

आजोबा : जाईल कशी? तुझी आई तळण थांबवेल तेव्हा ना!

नात : मग मी जाडी का नाही? वर्गात सगळे मला काडी म्हणतात. डॉक्टर म्हणाले, हे नुसत्या खाण्यानं नाही होत, घराण्यातून येतं. म्हणून सगळ्यांनी तपासायचं.

आजोबा : आमच्या घराण्यात असलं काही नाही.

नात : बाबांचं जास्त आलं की!

आजोबा : तोही तिच्याच हातचं खातो.

नात : आणि आईचं नॉर्मल आलं. तीही तेच खाते.

आजोबा : ती खाते कुठे? सगळ्यांना वाढण्यातच तिचं जेवण होतं.

ताई : आजोबा, वकील असतात तर केस जिंकली असती.

नात : ताई, हसू नका हो, आईला याचा फार त्रास होतो. ती आता तेल थेंबाथेंबानं घालते. तरी हे ताटावर बसले की म्हणतात, पोरीला आजारी पाडलंस. मग ती जेवतच नाही.

आजोबा : ... मी आपलं सहज म्हणतो.

नात : तिला सहज वाटत नाही.

आजोबा : घ्या हो ताई. हा हात घ्या. नको, डावा घ्या. थांबा! घेतलं?

ताई : केव्हाच. आता बसा थोडा वेळ, नळी मशीनमध्ये फिरवून येते.

नात : शूर आहात हं. डोळे मिटले होते, पण ओरडला नाहीत.

आजोबा : आता बघच तू. स्वच्छ निघेल. मग घरी गेल्यावर तुला आणि तुझ्या आजीला—

ताई : आजोबा, ही बघा तुमची नळी. खाली लाल, आणि वरचा भाग खरं तर पिवळसर, आरपार दिसायला हवा.

नात : पांढरा आहे! दुधासारखा! सेम माझ्यासारखा!

आजोबा : अगं, टाळ्या काय वाजवतेस?

नात : बाबांचं नुसतं गढूळ होतं. माझ्याइतकं दुधाळ कुणाचंच नव्हतं. आता आपण दोघं!

ताई : नक्की आकडा रिपोर्टमध्ये येईल, तो डॉक्टरांना दाखवा. पथ्य असतं, गोळ्या असतात. कळलं हे बरंच झालं.

आजोबा : पण मला कधी काही झालंच नाही हो.

नात : आधी काही कळतच नाही, डॉक्टर म्हणाले. फारच वाढलं तर स्वादुपिंड सुजतं, एकदम पोटात कळ येते. माझ्या तर आतापर्यंत आलीसुद्धा नाही.

आजोबा : थोरल्याच्या आली होती.

नात : कुणाच्या?

आजोबा : माझ्या भावाच्या. तू पाहिलेलं नाहीस त्याला. एका लग्नातून आलो आणि पोट धरून बसला. आम्ही म्हटलं, जेवण बाधलं. वाढणाऱ्यांना शिव्या घातल्या सगळ्यांनी.

नात : मग?

आजोबा : त्यातच गेला तो. फोन दे इकडे. तुझ्या आईला लाव.

नात : लागला. बोला.

आजोबा : कोण, सूनबाई? मी बोलतोय. हो, दिलं रक्त. तुझ्या पोरीनं चांगलंच बनवलं मला, तुलाही माहीत असणारच. ... बरं, ते जाऊ दे. ऐक. ते माझ्याकडून आलंय. पोरीला. माझ्याकडून, तुझ्या हातचं नाही. ऐकलंस ना?

नात : काय म्हणाली आई?

आजोबा : काही म्हणत नाही. पण फोन ठेवला नाहीये तिनं.