क्रीम रंगाची मॅट

नाही, ती ठेव खाली. क्रीम रंगाची मी तुला देत नाही. — हो, लावलीय भिंतीवर, मग? ती हायवेवरून जाणाऱ्यांसाठी. पॅन्टची इस्त्री मोडू नये म्हणून सीटवर फुंकर मारून बसणारी माणसं ती. तू कुठला म्हणालास? उधव्याचा ना, लडक्या? मग उधव्याच्या चिखलात क्रीम मॅट घेऊन काय करणार, पूजा? — नवी गाडी, मान्य. आतून उठून दिसते, तेही मान्य. शोरूममधल्या पोरानं सांगितलं असणार तुला. त्याचं काय जातं, त्यानं आयुष्यात कधी सीटखाली हात घातलाय? आणि ती बाहेर गाडीत मागे बसलीय, ती आई का तुझी? चपला पिशवीत घालून पिशवी मांडीवर घेतलीय तिनं. आणि पाय — पाय कसे धरलेत बघ. बरं, राहू दे. आधी मॅटचं बोलू.

ऐक. ही क्रीम गालिच्याची आहे, आणि गालिच्याची मॅट म्हणजे घाण लपवायची सोय. आमचं काम दोन प्रकारचं — माझा नवरा सीट कव्हर शिवतो, मी गाड्या आतून साफ करते. म्हणजे हात घालायचं काम माझं. चौथी शिकले मी, पण गाडीची मॅट उचलली की मालक कसा आहे ते मला वाचता येतं. परवा सरावलीचा एक आला, पांढरी गाडी, आरशाला फुलांची माळ, पुढे अत्तराची बाटली, असा वास की डोकं उठावं. म्हटलं, एवढं अत्तर मारतोस म्हणजे खाली काहीतरी मेलंय. मॅट उचलली. दूध सांडलेलं, कधीचं कोण जाणे, त्याच्यावर वाळू, त्याच्यात कोलंबीची साल, आणि सगळं हलत होतं. हो, हलत होतं — अळ्या. आणि तो नाकाला रुमाल लावून उभा. स्वतःच्या घाणीला रुमाल. आगरचा एक आहे, सुकट नेतो डिकीतून, पिशवी फाटली तर झाडून घेत नाही, वर दुसरी मॅट टाकतो. एकावर एक तीन मॅट काढल्या मी त्याच्या. घोलवडच्या एकाच्या सीटखालून चिकू काढला — काढला कसला, खरवडला. आणि गुटखावाले, त्यांचं तर नावच काढू नकोस, दाराच्या खिशात पाण्याची बाटली, अर्धी लाल, मला वाटलं सरबत. माणसं घरात देवाला सोवळ्यात ठेवतात आणि गाडीत उकिरडा घेऊन फिरतात, वरून लिंबू-मिरची बांधतात. कोणाची नजर लागणार त्याला? माशीची?

म्हणून सांगते, ही घे. काळी, रबरी, कड उभी आहे बघ — चिखल, पाणी, पोरानं ओकलेलं, सगळं हिच्या आत राहतं. संध्याकाळी चारी कोपरे धरून उचलायची, तिरकी नाही करायची, बाहेर ओतायची, खराट्यानं घासायची, उन्हात टाकायची. झालं. गालिच्याची धुतलीस तर दोन दिवस सुकत नाही, ओलीच घालतोस, खालचं कापड कुजतं, मग येतोस माझ्याकडे अत्तर मागायला. आणि सीटचं प्लास्टिक काढ. काढलं नाहीस ना अजून? आई बसली तेव्हा चरचर ऐकली मी इथपर्यंत. आमच्याकडे सगळ्यांना हाच रोग आहे, वस्तू घ्यायची आणि वापरायची नाही, प्लास्टिकला घाम येतो, माणसं वाफेत शिजतात, पण सीट कोरी राहिली पाहिजे. कोणासाठी कोरी ठेवायची? जो पुढे विकत घेईल त्याच्यासाठी?

हसू नकोस. मला सगळं माहीत आहे ते माझ्याच गाडीमुळे. आमची पण होती, तुझ्यासारखीच व्हॅन, पंधरा साली घेतली. आमच्या पाड्यातली पहिली. मी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि आमच्याच दुकानातली सगळ्यात भारी मॅट घातली. रंग कुठला — तोच. तू हातात धरलेला. आणि कायदा केला, गाडीत चप्पल चालणार नाही. दाराशी काढायची, पिशवीत घालायची, पाय झटकायचे, मग बसायचं. सासऱ्यांना पण. नवरा म्हणायचा, चिमण नाव त्याचं, तो बघ मशीनवर बसलाय, ऐकतोय पण ऐकल्यासारखं दाखवणार नाही — तो म्हणायचा, गाडी आहे की देऊळ? मी म्हणायचे, घरात येताना धुता ना पाय, मग इथे काय झालं. लोक ऐकायचे. माझं लोक ऐकतात, माझ्या तोंडाला भितात. बरं वाटायचं मला. माझी गाडी आतून अशी होती की पाहुणे आत डोकं घालून बघून जायचे, बसायचे नाहीत. त्यात काय मोठेपणा होता, आता विचारलंस तर सांगता येणार नाही.

दुसऱ्या वर्षी आवणीच्या दिवसांत माझ्या जावेला पान लागलं. कविता, धाकट्या दिराची बायको. शेतात भात लावत होती, गुडघाभर चिखल, बांधावर पाय ठेवला आणि घोणस. पायाला, घोट्याच्या मागे. दीर तिला पाठीवर घेऊन पळत आला. लोक म्हणाले भगताला बोलवा, मी ओरडले, भगत नाही आणि बिगत नाही, गाडी काढा, डहाणूला दवाखान्यात न्यायचं. ऐकलं सगळ्यांनी. मीच शहाणी ना तिथे. चिमणनं गाडी लावली, दार उघडलं, दिरानं तिला खाली उतरवलं, आणि तिचे पाय माझ्या नजरेला पडले. चिखलाचे, गुडघ्यापर्यंत.

मी म्हटलं, ‘पाय.’

एवढंच. एकच शब्द. रोज म्हणायचे तसा, तोंडातून गेला, डोक्यातून गेलाच नाही. — नाही, थांब, तू काही बोलू नकोस, मला सांगू दे आता. तिला साप चावलाय हे मला माहीत होतं, मीच तर भगताला हाकललं होतं. आणि ती, तीही बघ, ‘हो ताई’ म्हणाली आणि ओट्यावरच्या कळशीकडे लंगडत गेली. चावलेल्या पायावर. मीच पाणी घातलं. तांब्यानं. तिनं चोळून धुतले, बोटांच्या बेचक्यांतून पण, मला बोटांच्या बेचक्यांतला चिखल चालत नाही हे तिला माहीत होतं. चिखल गेला तेव्हा दोन टोचे दिसले, आणि भोवती फुगलेलं. दीर तिथेच उभा होता, त्यानंही तिला अडवलं नाही. सगळ्यांना वाटलं धुवायलाच पाहिजेत.

एवढ्यावर संपत नाही. पाय ओले होते ना. ओल्या पायाला परत माती लागली अंगणात. ती गाडीत बसली आणि पाय टेकलेच नाहीत तिनं. दोन्ही गुडघे हातांनी धरून पाय वर, अधांतरी, डहाणूपर्यंत. रस्ता तुला माहीत आहे, खड्डे माहीत आहेत. मी बाजूला बसले होते. मी बघितलं नाही असं नाही — मला वाटलं दुखतंय म्हणून धरलेत. तेवढं तरी मला वाटू दे. दवाखान्यात डॉक्टरीण चिडली, म्हणाली, चोळून कोणी धुतला, चालवलं कोणी, आणि पाय असा वर धरायला कोणी सांगितलं? हलवायचाच नसतो, सरळ ठेवायचा. कविता सूज आलेल्या तोंडानं म्हणाली, ‘मॅट खराब होईल म्हणून.’

डॉक्टरीण माझ्याकडे बघत राहिली. तिला कसं कळलं मॅट कोणाची, देव जाणे.

सतरा दिवस होती. वाचली. टाचेचं मांस गेलं, आता काठी घेऊन चालते, चिखलात उभी राहू शकत नाही, म्हणजे लावणी गेली, म्हणजे हातात होतं ते काम गेलं. ते विषानं झालं की माझ्या तांब्यानं, मी विचारलं नाही कुणाला. आणि तिला दवाखान्यात ठेवून घरी आलो, त्या पहिल्याच रात्री मी कंदील घेऊन गाडीत डोकं घातलं. एक डाग नाही, लडक्या. कोरी. जशी घातली तशी. अळ्या काढल्यात मी या हातांनी, गुटखा काढलाय, नाकाला कधी पदर लावला नाही. त्या कोऱ्या मॅटवर मी ओकले. मग उचलल्या चारी आणि गोठ्यात नेऊन टाकल्या, गाईच्या पायाखाली. सकाळपर्यंत रंग ओळखू येत नव्हता.

गाडी आता विकली. आम्ही कोणाच्या गाडीत बसलो की कविता अजून पाय वर धरते. मी म्हणते, टेक ग, तुझ्या पाया पडते. ती हसते, म्हणते, सवय लागली ताई. रागानं म्हणाली असती तर मी दोन शिव्या तरी दिल्या असत्या.

काय बघतोस माझ्याकडे? हो, रडत नाहीये, फिनेलचा वास आहे. — ती रबरी बांधून ठेवते, पण आत्ता देत नाही. तू आधी बाहेर जा. काच वाजवू नकोस, दचकेल, दार उघड आणि खाली बस, तिच्या पायाशी, आणि सांग तिला, आई, खाली टेक. एकदा सांगून ती टेकणार नाही, मी सांगते. तुझी नवी गाडी आहे, ती टेकणार नाही. मग तूच धर दोन्ही पाय आणि ठेव खाली, चिखलासकट. मी इथूनच बघतेय. टेकले तर परत ये, मॅट घेऊन जा. नाही टेकले तर तसाच निघ, माझ्याकडे तुझ्या गाडीला घालण्यासारखं काही नाही.

जा. दार लोटून घे, धूळ येते.